सात टांकसाळी, एकच पाच कोपेक: रशियन साम्राज्याची नाणी टांकसाळीनुसार कशी जमवावीत

रशियन झारशाहीची नाणी जमवणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींचे अल्बम पाहिले की एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. नाणी राजाच्या नावाने लावलेली, सालाने लावलेली, आणि टांकसाळीचा रकाना मोकळा. 'टांकसाळ नंतर बघू' असं म्हणून घेतलेल्या वीस नाण्यांत पंधरा एकाच टांकसाळीची निघतात आणि उरलेल्या पाचांपैकी दोन खोटी. टांकसाळीनुसार संग्रह करायचा असेल तर खरेदी सगळ्यात शेवटी येते. त्याआधीचे टप्पे मी ज्या क्रमाने लिहिले आहेत त्याच क्रमाने करावेत.

तयारी: पाच वस्तू आणि थोडी अक्षरओळख

दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि निदान १०० ग्रॅम पेलणारा डिजिटल काटा, प्लास्टिकचा कॅलिपर (लोखंडी जबड्याने चांदीवर ओरखडे पडतात), एक जोरदार चुंबक आणि बाजूने प्रकाश टाकता येईल असा छोटा दिवा. काट्याची क्षमता आधी बघून घ्या. सोनाराकडचे काही छोटे काटे ५० ग्रॅमपर्यंतच चालतात, आणि इथलं मुख्य नाणंच त्याहून जड आहे.

आता अक्षरं. पूर्ण रशियन शिकायची गरज नाही, पण पुढची अक्षरं डोळ्यांत बसायलाच हवीत. इंग्रजी 'सी'सारखी चंद्रकोर म्हणजे 'स'. दाराची चौकट म्हणजे 'प'. वर आडवी पट्टी असलेला इंग्रजी सहा म्हणजे 'ब'. इंग्रजी 'बी' दिसलं तर ते 'व' आहे आणि इंग्रजी 'पी' दिसलं तर 'र'. उलटा 'एन' म्हणजे 'ई'. डोक्यावर पट्टी असलेली उभी काठी म्हणजे 'ग'. 'ए', 'के', 'एम', 'टी' ही चार अक्षरं इंग्रजीसारखीच दिसतात आणि अ, क, म, त अशीच वाचतात. इंग्रजी 'ई'सारखं दिसणारं अक्षर 'ये' असं वाचायचं.

हे पाठ न करता बाजारात गेलात तर वॉर्साची 'व-म' ही खूण तुम्ही 'बी-एम' वाचाल आणि ती कुठल्याच यादीत सापडणार नाही.

टप्पा १: एक मालिका ठरवा

'रशियन नाणी जमवतो' हा काही आराखडा नाही. टांकसाळींचा संग्रह करायचा तर नाण्याचा नमुना एकच हवा आणि शहरं वेगळी हवीत. तरच नाणी शेजारी ठेवल्यावर फरक बोलू लागतात. माझ्या मते तीन मालिका सुरुवातीला योग्य आहेत.

पहिली आणि सगळ्यात समृद्ध मालिका म्हणजे कॅथरीन दुसरीचं तांब्याचं पाच कोपेक (कोपेक म्हणजे रुबलाचा शंभरावा भाग), १७६३ ते १७९६. एका बाजूला दुतोंडी गरुड, दुसऱ्या बाजूला तिची मुकुटाखालची नाममुद्रा. नमुना तोच, टांकसाळी सात.

दुसरी निकोलाय दुसऱ्याचा चांदीचा रुबल. १८९७ च्या चलन सुधारणेच्या काळात चांदीची नाणी इतकी लागली की एकट्या पीटर्सबर्गला ती पुरवता येईनात. म्हणून पॅरिस आणि ब्रसेल्सला काम दिलं गेलं. तीन शहरं, तीन नाणी, आणि खर्चही आवाक्यातला.

तिसरी अगदी नवख्यासाठी: १८६७ ते १८७६ ची तांब्याची छोटी नाणी. हा नमुना पीटर्सबर्ग आणि येकातेरिनबुर्ग दोन्हीकडे पाडला जात होता. १८७६ मध्ये येकातेरिनबुर्गची टांकसाळ बंद झाली आणि ही जोडी तिथेच संपली. कमी पैशात दोन टांकसाळी ओळखायचा सराव होतो.

यातली एकच निवडा. पुढचं बरंचसं विवेचन पहिल्या मालिकेवर आहे, कारण चुकाही तिथेच सर्वांत जास्त होतात.

टप्पा २: खूण नेमकी कुठे आहे ते शोधा

कॅथरीनच्या पाच कोपेकवर टांकसाळीची अक्षरं गरुडाच्या खालच्या अंगाला, शेपटीच्या डाव्या-उजव्या बाजूला विभागून येतात. पहिलं अक्षर डावीकडे, दुसरं उजवीकडे. नाणं झिजलं की हीच जागा लवकर सपाट होते. वरून उजेड टाकला तर काही दिसणार नाही. दिवा जवळजवळ टेबलाच्या पातळीला आणा आणि नाणं हळूहळू फिरवा. सावलीत अक्षर उठून येतं.

खुणा अशा:

- ये-म: येकातेरिनबुर्ग, उरल. सर्वांत जास्त सापडणारी.
- म-म: मॉस्को.
- स-प-म: सेंट पीटर्सबर्ग.
- स-म: सेस्त्रोरेत्स्क, पीटर्सबर्गजवळ. १७६३ ते १७६७.
- क-म: कोलिवान. टांकसाळ प्रत्यक्षात अल्ताई भागातल्या सुझून गावी होती.
- अ-म: आन्निन्स्क, पेर्म प्रांत. १७८९ पासून.
- त-म: ताव्रिचेस्की, म्हणजे क्रिमियातलं फिओदोसिया. १७८७ आणि १७८८ ही दोनच वर्षं.

थांबा. प्रत्येक अक्षरजोडी टांकसाळीचीच असते असं धरून चालू नका. चांदीच्या नाण्यांवर टांकसाळीशिवाय तिथल्या मुख्य अधिकाऱ्याची आद्याक्षरंही असतात, आणि कॅथरीनच्या रुबलवर खांद्याखाली कधी ठसा कोरणाऱ्याचीही. तिमोफेय इवानोव याची 'त-ई' ही सही टांकसाळीची खूण समजून नोंदवलेली मी तीन अल्बममध्ये पाहिली आहे.

दुसरा सापळा याहून वाईट. 'स-म' ही खूण तांब्यावर १७६० च्या दशकात सेस्त्रोरेत्स्कची आहे. पण पॉल पहिल्याच्या चांदीच्या रुबलवर तीच 'स-म' पीटर्सबर्गची आहे. म्हणून खूण एकटी कधी वाचायची नाही. धातू, राजा आणि साल सोबत घेऊनच वाचायची.

टप्पा ३: खूण आणि साल जुळवा

वर दिलेली वर्षं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि प्रत्येक नाणं त्यांच्याशी ताडून बघा. 'त-म' आणि १७९१ असं नाणं कुणी पुढे केलं तर तिथेच हात जोडावेत. 'अ-म' आणि १७७५ हेही तसंच. निम्म्या भोंगळ नकला याच चाळणीत गळतात. पैसा खर्च होत नाही, नाणं हातात असायचीही गरज नाही, फोटोवरूनच कळतं.

निकोलाय दुसऱ्याच्या काळासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. १९१४ मध्ये राजधानीचं नाव पेत्रोग्राद झालं आणि १९१५ पासून नाण्यांवरची सेंट पीटर्सबर्गची 'स-प-ब' ही खूण गेली. त्या सालाच्या पुढच्या नाण्यावर ती नसणं हा दोष नाही. १९१६ च्या दहा आणि पंधरा कोपेकवर 'व-स' ही अधिकाऱ्याची अक्षरंही नसतील तर ते नाणं जपानमधल्या ओसाकाच्या टांकसाळीचं आहे. पुष्कळ लोक अशी नाणी 'अक्षरं झिजलेली' म्हणून बाजूला ठेवतात. ती बाजूला ठेवू नका, वेगळ्या कप्प्यात ठेवा.

टप्पा ४: वजन करा, आणि वजनाचा अर्थ समजून घ्या

तांब्याच्या नाण्याचं वजन कसं ठरत होतं हे कळलं की बाकीचं सोपं जातं. रशियात तांबं पूदाच्या हिशोबाने मोजत. एक पूद म्हणजे १६.३८ किलो. एका पूदातून १६ रुबलांची नाणी पाडायची असा कॅथरीनच्या काळातला दर होता. रुबलाला शंभर कोपेक, म्हणजे एक कोपेक १०.२४ ग्रॅम आणि पाच कोपेक ५१.१९ ग्रॅम. पण ही सरासरी आहे. एकेक नाणं तोलून पाडत नसत. पूदामागे नाण्यांची संख्या भरली की झालं. म्हणून ४८ किंवा ५४ ग्रॅमचं पाच कोपेक पाहून घाबरू नका. अगदी ५१.१९ वर काटा थांबला म्हणून खूशही होऊ नका.

कोलिवानचा हिशोब मात्र वेगळा होता. तिथल्या तांब्यात सोनं आणि चांदीचा अंश मिसळलेला असे आणि तो वेगळा काढणं परवडत नसे. म्हणून सायबेरियापुरती वेगळी नाणी काढली आणि दर पूदाला २५ रुबल ठेवला. त्यावर दोन सेबल प्राणी ढाल धरून उभे असतात आणि कडेने 'सायबेरियन नाणं' असा लेख. हे पाच कोपेक सुमारे ३२.८ ग्रॅम, दहा कोपेक सुमारे ६५.५ ग्रॅम. १७८१ मध्ये ही वेगळी नाणी बंद झाली आणि त्याच टांकसाळीतून नेहमीचं गरुडाचं पाच कोपेक निघू लागलं.

तपासणी: 'क-म' खूण असेल तर आधी चित्र बघा, मग वजन. सेबल असतील तर ३२.८ च्या आसपास, गरुड असेल तर ५१ च्या आसपास. गरुडाचं नाणं ३३ ग्रॅम भरलं तर घेऊ नका.

चांदीचं तसं नाही. तिथे एकेक नाणं काटेकोर आहे. १८८६ पासूनचा रुबल २० ग्रॅम, ९०० शुद्धता (हजारात ९०० भाग चांदी), व्यास ३३.६५ मिलिमीटर. त्याआधीचा, १८८५ पर्यंतचा, २०.७३ ग्रॅम, कारण शुद्धता ८६८ होती; निव्वळ चांदी दोन्हींत सारखीच, १८ ग्रॅम. चांगल्या अवस्थेतला रुबल १९.९ च्या खाली गेला तर शंका घ्या. १९.५ असेल आणि नाणं झिजलेलं दिसत नसेल, तर शंकेला जागाच उरत नाही.

चांदीवर पाण्याची परीक्षाही करा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. २० ग्रॅमच्या रुबलला काटा १.९४ च्या जवळ दाखवतो. २.२ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर आत तांब्या-पितळेचा गाभा आहे. नंतर नाणं मऊ सुती कापडाने टिपा. पुसू नका.

टप्पा ५: काठ वाचा

याच टप्प्यावर लोक सर्वांत जास्त चुकतात, कारण विक्रेते फोटो दोनच बाजूंचे टाकतात. निकोलाय दुसऱ्याच्या रुबलवर टांकसाळ दोन्ही बाजूंवर कुठेच नसते. ती काठावर असते. काठावर 'शुद्ध चांदी ४ झोलोत्निक २१ दोल्या' (ही जुनी रशियन वजनं) असा लेख आणि त्याच्या शेवटी कंसात अक्षरं किंवा तारे.

कंसात अक्षरं असतील तर पीटर्सबर्ग: सुरुवातीला 'अ-ग', पुढे 'फ-झ' (वर्तुळातून जाणारी काठी आणि इंग्रजी तीन), 'अ-र', 'ए-ब' (इथला 'ए' म्हणजे उलट्या तोंडाचा गोलसर इंग्रजी 'ई'), शेवटी 'व-स'. एक तारा म्हणजे पॅरिस. दोन तारे म्हणजे ब्रसेल्स. पॅरिसचे रुबल १८९६ आणि १८९८ चे, ब्रसेल्सचे १८९७, १८९८ आणि १८९९ चे. अर्ध्या रुबलावरही, म्हणजे ५० कोपेकवर, एक तारा सापडतो: १८९६, १८९७ आणि १८९९.

१८९८ साल म्हणूनच मला फार आवडतं. त्या एका सालाचे तिन्ही शहरांतले रुबल मिळतात. एक साल, एक चेहरा, तीन काठ. सुरुवातीला मी एका विक्रेत्याकडून 'पॅरिस १८९८' म्हणून रुबल मागवला होता, फक्त दोन बाजूंच्या फोटोंवर विसंबून. घरी येऊन काठ फिरवला तर तारे दोन. ब्रसेल्सचा माझ्याकडे आधीच होता. तेव्हापासून काठाचे निदान तीन फोटो आल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही, आणि तुम्हीही पाठवू नयेत.

तपासणी: काठाच्या फोटोत लेखाचा शेवट, म्हणजे कंसाचा भाग, स्पष्ट दिसायलाच हवा. नाणं कधी लॉकेटमध्ये बसवलेलं असेल किंवा वर कडी डाखलेली असेल तर काठ घासलेला असतो. असा रुबल टांकसाळीच्या संग्रहाला निरुपयोगी आहे, भाव कितीही कमी असो.

टप्पा ६: खाली दुसरं नाणं दडलंय का?

कॅथरीनच्या पाच कोपेकवर भिंगातून कधी गरुडाच्या पंखांमागे भलत्याच रेषा दिसतात. त्या दोष समजून नाणं परत करू नका. पीटर तिसऱ्याने १७६२ मध्ये पूदाला ३२ रुबल असा दर ठेवला होता. त्या हिशोबाने त्याचं दहा कोपेक भरलं ५१.१९ ग्रॅम. कॅथरीन गादीवर आली, दर पुन्हा १६ झाला, आणि तेच वजन आता पाच कोपेकचं ठरलं. मग चकती वितळवायची कशाला? जुन्या दहा कोपेकवरच पाचचा ठसा मारला. त्या आधीच्या नाण्यावर झेंडे आणि ढोल होते. त्यांची टोकं खालून डोकावतात.

हाच प्रकार तिच्या कारकिर्दीच्या अखेरीस उलटा घडला. १७९६ मध्ये दहा कोपेकची हलकी नाणी निघाली, पॉलने १७९७ मध्ये ती परत पाच कोपेकमध्ये बदलली, आणि त्यासाठी कॅथरीनचे जुने ठसे, जुन्या सालांसकट वापरले. म्हणजे नाण्यावरचं साल एक आणि प्रत्यक्ष ठसा मारल्याचं साल दुसरं. अशा नाण्याच्या नोंदीत दोन्ही सालं लिहा.

टप्पा ७: खोटं ओळखा

चुंबक आधी. तांबं आणि चांदी दोन्ही चिकटत नाहीत. चिकटलं तर विषय संपला. चिकटलं नाही म्हणजे खरं, असं मात्र नाही.

मग भिंग. ओतीव नकलेत पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे किंवा फोड दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात आणि काठावर जोडाची रेघ किंवा ती घासल्याची खूण असते. ठसा मारून केलेल्या नकला कठीण असतात. तिथे एकच उपाय कामाला येतो: त्याच साल-टांकसाळीची विकलेली आणखी पाच-सहा नाणी जुन्या लिलावांच्या फोटोंत शोधा. दोन वेगळ्या नाण्यांवर तोच ओरखडा, तोच ठोका त्याच जागी दिसला, तर दोन्ही एका साच्यातून निघाली आहेत.

दुर्मिळ खूण असेल तर अक्षरांभोवतीची जमीन बघा. साध्या 'ये-म' नाण्याची खूण खरवडून महागडी टांकसाळ बनवतात. अशा जागी धातू आजूबाजूपेक्षा खोलगट आणि रंगाने वेगळा दिसतो.

एक अपवाद सांगायलाच हवा. १७८८ ते १७९० च्या रशिया-स्वीडन युद्धाच्या काळात स्वीडनमधल्या आवेस्ता इथे रशियन पाच कोपेकच्या नकला पाडल्या, 'ये-म' खुणेच्या आणि १७८७ सालाच्या. गरुडाच्या डोक्यावरचे मुकुट स्वीडिश राजमुकुटासारखे दिसतात, त्यावरून ओळख पटते. ही नक्कल त्या काळातलीच आहे आणि संग्राहक ती मुद्दाम शोधतात. येकातेरिनबुर्गच्या कप्प्यात मात्र ती ठेवू नका.

पीटर्सबर्गच्या टांकसाळीने १९ व्या शतकात संग्राहकांसाठी जुन्या नमुन्यांची नाणी पुन्हा पाडली, त्यांना 'नोवोदेल' म्हणतात. ती नकली नाहीत, पण चलनातलीही नाहीत. फार चकचकीत, फार नेटकं १८ व्या शतकातलं तांबं दिसलं की विक्रेत्याला स्पष्ट विचारा.

टप्पा ८: आता खरेदी, कागदांसकट

क्रम ठरवून घ्या. पाच कोपेकच्या मालिकेत आधी 'ये-म', तीही दोन-तीन वेगवेगळ्या सालांची, म्हणजे वजनातला फरक हाताला कळतो. मग 'क-म' आणि 'अ-म'. मग 'म-म', 'स-म', 'स-प-म'. 'त-म' अगदी शेवटी. पहिल्याच महिन्यात स्वस्त 'त-म' मिळाला असं कुणी सांगितलं तर मला त्या माणसाची काळजी वाटते.

रशियातून थेट टपालाने मागवू नका. शंभर वर्षांहून जुनी नाणी तिथून बाहेर नेण्यासाठी सांस्कृतिक वस्तू म्हणून परवानगी लागते. आपल्याकडेही १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तूत मोडतं आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. झारशाहीची सगळीच नाणी आता शंभरी पार आहेत. तेव्हा 'आवडलं नाही तर परदेशी लिलावात विकू' हा हिशोब मनात ठेवून घेऊ नका. मुंबई-पुण्याच्या नाणे प्रदर्शनांतून घ्या किंवा परदेशातल्या नावाजलेल्या लिलावातून पक्क्या बिलासह मागवा. बिलावर राजा, मूल्य, साल, टांकसाळ, वजन हे पाचही लिहून घ्या. परतीची मुदतही लेखी घ्या. टप्पा ४ ते ७ तुम्ही घरी पुन्हा करणार आहात.

टप्पा ९: धुऊ नका, कोंडू नका

आपल्याकडे तांबं दिसलं की हात चिंचेकडे जातो. देवघरातल्या तांब्या-पळीला ते ठीक, दोनशे वर्षांच्या नाण्याला नाही. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पूड, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावलं तर तपकिरी झाक कायमची जाते आणि गुलाबी, उघडं तांबं उरतं. मातीच लागली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये दिवसभर ठेवा, पाणी बदला, टिपून पूर्ण वाळवा. एवढंच.

मऊ, वासाचे प्लास्टिक पाउच टाळा. त्यातून हिरवट चिकट थर सुटतो. पुठ्ठ्याचे पारदर्शक खिडकीचे होल्डर घ्या, पण ५१ ग्रॅमच्या पाच कोपेकसाठी मोठ्या मापाचे. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की लगेच बदला. नाण्यावर पिठासारखी फिकट हिरवी पूड दिसली तर ते नाणं त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळं करा. तो रोग दमट डब्यात पसरतो.

वहीत प्रत्येक नाण्यासाठी एक ओळ: खूण, साल, वजन, व्यास, काठाचा प्रकार, खालच्या नाण्याचे अवशेष आहेत का, कुठून घेतलं, तारीख. सात कप्प्यांची चौकट पहिल्या दिवशीच आखा आणि 'त-म'चा कप्पा रिकामा राहू द्या, वर्षानुवर्षं राहिला तरी.